बाईंनी खराब केलेला फळा

आमच्या बाई जन्मभर खडूने शिकवून निवृत्त झाल्या. मग त्या डिजिटल फळा वापरायला शिकल्या आणि ते शिक्षकांना शिकवायला विनामोबदला परदेशी निघाल्या. मी सोबत गेलो.

तिथल्या शाळेत फळा चादरीखाली होता. पाठनियोजनात रोज ‘फळा वापरणे’ लिहिलेलं असे, पण बिघडला तर आपल्यावर येईल म्हणून कोणी हात लावत नसे. शुक्रवारपर्यंत वापरला नाही, तर तो दुसऱ्या शाळेला जाणार होता.

बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर चादर काढली, केसांतली पिन उपसली आणि फळ्याच्या कोपऱ्यात ओरखडा काढला.

“अहो बाई!” मुख्याध्यापक ओरडले.

“झाला खराब. माझं नाव सांगा,” बाई म्हणाल्या. “आता कोण येतंय?”

गणिताचे सर उठले.

शुक्रवारी फळा न्यायला माणसं आली. तास चालू होता, म्हणून त्यांना बाहेर बसवलं.