चेष्टा करा म्हणणाऱ्या सस्मिता मॅडम

सस्मिता मॅडम यांची ओळख झाली तेव्हा लकव्याने माझा उजवा हात गेला होता. अल्लीपूरचे किराणा दुकान बंद करून मी पिपरी मेघेला मुलाकडे आलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा सुधारेल तेवढा सुधारेल. तेव्हापासून मला झोप नव्हती. अशात शेजारी ओडिशाहून कुटुंब राहायला आले आणि त्यातल्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत असे कळले. मला देवच पावल्यासारखे झाले.

पण मॅडमनी माझ्या हाताला हात लावला नाही. त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी त्यांच्या राज्यातली. तिकडून ना-हरकत पत्र यायचे होते, मग इकडे पडताळणी व्हायची होती; तोवर इथे उपचार करायचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

"मॅडम, ओडिशातला खांदा वेगळा रायते का?" मी म्हणालो. "कोण पाहून राह्यलं इथं?"

"खांदा तोच आहे, काकाजी. पण उद्या कोणी खोटा माणूस आला, तर तुम्ही काय पाहून ओळखणार?"

मॅडम मात्र नुसत्या नकार देऊन बसल्या नाहीत. नालवाडीला इथली नोंदणी असलेल्या एक फिजिओथेरपिस्ट ताई होत्या. मॅडम स्वतः ऑटो करून मला तिथे नेत आणि बाहेर बाकावर बसून राहत. एवढ्या अनुभवी बाई, पण आत येऊन कधी शब्द बोलल्या नाहीत. ताईंकडे गर्दी, माझा नंबर कधीमधीच लागे. वेळ निघून चालला म्हणून मी कुंपणावरून रोज विचारी, "आलं का वो मॅडम?"

एकदाची नोंदणी आली. त्याच दिवशी त्यांनी घरी येऊन माझे मनगट धरले आणि म्हणाल्या, "आता चेष्टा करा, काकाजी."

ते माझ्या मनाला फार लागले. "हात उचलत नाई माहा, अन् चेष्टा कायले करू?"

"म्हणूनच करायची. रोज. घरच्यांनीही करायची."

"आमी तं रोजच करतो यायची," माझी पत्नी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

सुनेने विचारले तेव्हा उलगडा झाला. मॅडमच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्या ओशाळल्या, पण शब्द काही सुटला नाही. आज त्यांच्या दवाखान्यात पेशंट एकमेकांना "झाली का चेष्टा?" असेच विचारतात. व्यायामात मात्र त्यांना थट्टा चालत नाही. दुखते म्हणून मी हात खाली टाकला की पुन्हा उचलीपर्यंत त्या गप्प उभ्या राहत. आता डोक्यावर टोपी मी त्याच हाताने घालतो.

साठी झाल्यावर मॅडम मुलीकडे कर्नाटकात जायचे म्हणतात. ऐकल्यापासून माझा जीव खालीवर होतो. मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, तुमचे स्वतःचे गुडघे-खांदे कधी न कुरकुरोत. तिकडची नोंदणी लवकर व्हावी, असेही मनापासून लिहितो. फक्त ती होईपर्यंत इथेच राहा. इथली नोंदणी तर चालू आहे.