मोतीलालचं मेण

शहापुरात कुणालाही विचारा, नीलेश काय करतो? "इमान बनवते," असं सांगतील. खरं तर तो विमानातल्या संडासाचा सरकता दरवाजा बनवत होता. पण हे सांगितलं की लोक तोंडाला रुमाल लावून हसत, म्हणून त्यानंही गावाचा गैरसमज तसाच राहू दिला होता.

पुण्याची नोकरी सुटून तो घरी आला तेव्हा हाती हे एवढं एकच काम होतं. कंपनीची अट सरळ होती. दरवाज्याची पट्टी आणि चाकं मिळून वजन सव्वा किलोच्या आत हवं, आणि पन्नास हजार वेळा उघडझाप होऊनही दरवाजा अडकायला नको. तोही कोरडाच चालायला हवा. तेलामेणाला धूळ चिकटते, आणि वर आभाळात माणूस आत कोंडला तर कडी तोडायला कोण जाणार? जमलं तर पाच वर्षांचं काम, नाहीतर चाळिशीला टेकलेल्या माणसाला कोण विचारतं! लोखंडी चाकं जड पडतात म्हणून नीलेशनं नायलॉनची पातळ चाकं कातली, घरामागच्या शेडात मोटर जोडली आणि दरवाजा चाचणीला लावला. दिवसाला दोन हजार फेऱ्या, खट्-सर्र, खट्-सर्र.

त्या आवाजानं त्याचे वडील मोतीलाल खाटेवरून उठले. चाळीस वर्षं हातमाग चालवलेला माणूस. माग मोडीत निघाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. आता ते रोज सकाळी नीलेशच्या आधी शेडात जाऊन बसू लागले. म्हातारा दोन घास जास्त खाऊ लागला, म्हणून नीलेशची बायको दामिनी येता-जाता त्या मोटरीलाच हात जोडायची.

पंचविसाव्या दिवशी आकडा पन्नास हजारांवर गेला. नीलेशनं पट्टी उघडली. चाकं नव्यासारखी होती. इतकी नव्यासारखी, की त्यानं पट्टीवरून बोट फिरवून पाहिलं. बोटाला पांढरं काहीतरी चिकटलं.

"बाबा, हे काय होय?"

"मेण होय ना," मोतीलाल कौतुकानं म्हणाले. "रोज सकारी फिरवतो. माग काय कोरडा चालवतेत का बापा? मेण नसन तं धोटा अडते. तुले कामाचा व्याप, म्हून म्याच करून राहिलो."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे नीलेशला कळायला हवं होतं. पण तो ओरडला, "माग बुडवला, आता मले बुडवलं तुम्ही!"

म्हाताऱ्यानं हातातला मेणाचा तुकडा कोनाड्यात ठेवला आणि ते आत गेले.

चाचणीच्या कागदावर सही ठोकून दिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. नीलेशनं पेन उचललंही. पण आत कोंडलेला तो माणूस काही डोळ्यांपुढून हलेना. त्यानं कंपनीला खरं ते कळवलं, महिन्याची मुदत मागितली, पट्टी पुसली, नवी चाकं बसवली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मोतीलाल नंतर शेडात आलेच नाहीत. त्यांनी खाट धरली, अन्न सोडलं. तापात फक्त विचारायचे, "पट्टी कोरडीच चालून राहिली ना?" नीलेशला माफी मागायची होती. रोज ती ओठांवर यायची आणि रोज राहून जायची.

एकोणीस हजारांवर चाक तडकलं. दरवाजा अर्ध्यात अडकून बसला. नीलेशनं कंपनीला फोन केला. पलीकडून फार गोड शब्दांत सांगण्यात आलं, की काम दुसऱ्याला दिलं आहे.

"बंद काहून पडलं रे?" आतून क्षीण आवाज आला.

नीलेशनं नवी चाकं काढून पहिल्या चाचणीतली जुनी बसवली. कोनाड्यातला तो बापाच्या बोटांनी झिजलेला तुकडा घेतला, पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट फिरवला आणि मोटर सुरू केली. मग तो खाटेजवळ जाऊन उभा राहिला.

"चालली, बाबा."

"कोरडी ना?"

"कोरडीच," नीलेश म्हणाला, आणि मेणानं माखलेली बोटं त्यानं पाठीमागे धरली.