मातीचे बैल

नांदेडला स्टेंट बसवला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, सत्तरीचे होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दीड-दोन महिने जपा. मग हळूहळू शेतातली कामं करू द्या, हातपाय चालते राहिले पाहिजेत." मी लातूरला मास्तर, दुसऱ्यांच्या पोरांना 'नीट ऐका' म्हणून ओरडणारा. मी फक्त 'जपा' एवढंच ऐकलं.

आबा दवाखान्यात असतानाच मी भोकरजवळच्या आमच्या गावी जाऊन त्यांची देवणी बैलजोडी विकून आलो. दावणीला बैल दिसले तर हा माणूस औत धरल्याशिवाय राहायचा नाही, अशी मला भीती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणानं तर दावणच रिकामी केली.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर गाडी गावाकडं न वळता लातूरच्या रस्त्याला लागली, तेव्हा आबांनी विचारलं, "बैलं कोन बघून राहिलंय?" मी खरं ते सांगून टाकलं.

तेरा वर्षं ते माझ्या फ्लॅटमध्ये राहिले. गोळ्या मी वेळेवर हातावर ठेवायचो. पण जिना चढू द्यायचो नाही, दळणाचा डबा उचलू द्यायचो नाही. ते उठले की घरातलं कुणीतरी म्हणायचंच, "आबा, बसा." पोळ्याला बायको पूजेला मातीचे बैल आणायची, तर आबा पाठ फिरवायचे. "ज्याला बैलं न्हाईत त्यानं मातीचे पुजावं. मी शेतकरी हाय."

गेल्या वर्षी तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. रिपोर्ट बघून खूश झाल्या. "आजोबा, हृदय मस्त आहे तुमचं! शेतात राबत असणार."

आबा माझ्याकडं वळले. "मग बैलं कामून इकलीस रं?"

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पुढच्याच रविवारी त्यांना शेतात नेलं. बांधावरून उतरून चार पावलं चालले आणि ढेकळांत थांबले. हृदय शाबूत होतं. गुडघे बसून बसून गेले होते. मी हात पुढं केला. एरवी झिडकारणाऱ्या आबांनी तो मुकाट्यानं धरला.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बाजाराला निघालो, तर त्यांनी खुर्चीतूनच हाक मारली.

"येताना मातीचे बैल आन. मी पुजतो."