दोन्ही पाय सारखे

आमच्या धाकट्या काकांइतका निरोगी माणूस सबंध म्हैसुरात झाला नाही, असं खुद्द काकांचंच मत होतं, आणि ते सैन्यात सुभेदार असल्यामुळे मत बदलायला त्यांना वरून हुकूम यावा लागे. ताप आला तर ‘आज फार उकडतंय’ म्हणून ते खिडक्या उघडायला लावत. खोकला झाला तर शेजारी फोडणीत मिरच्या जास्त टाकतात, अशी तक्रार करत. डावा गुडघा सरहद्दीवर बर्फात घसरून कायमचा कामातून गेला होता, पण हे त्यांना सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. उठताना तो कडकन वाजला की काका दाराकडे बघून म्हणत, “बिजागरी सुकलीय.” एका सुट्टीत तर त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घातलं. दारं गप्प झाली, गुडघा वाजतच राहिला. चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्या दर सुट्टीत चढायचा त्यांचा नेम होता. एका वर्षी ते बसने वर गेले आणि बसनेच खाली आले. मी विचारलं तर म्हणाले, “रस्ता कसा केलाय ते बघितलं, सुम्ने.” सुम्ने म्हणजे उगीच, सहज. आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांचा अर्धा संसार या एका कानडी शब्दावर चालतो.

मग एका सुट्टीत काका घरी आले ते एक कागद घेऊनच. सैन्याच्या डॉक्टरांनी गुडघा तपासून त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या, आणि सुट्टी संपायच्या आत त्यातल्या एकीच्या रकान्यात सही करायची होती. एक तर आत्ताच मेडिकलवर निवृत्त व्हायचं आणि गुडघ्यावर नीट उपचार घ्यायचे. नाहीतर हलकी ड्युटी घेऊन आणखी दोन वर्षं काढायची, मुदत पुरी करायची आणि निरोपाची परेड घेऊन रीतसर घरी यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की गुडघ्याला आताच विश्रांती मिळाली तर तो वाचेल. पण काकांना हलकी ड्युटी देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं. बसून काम करायला सांगितलं असतं तर या माणसाने टेबल उचलून चार फेऱ्या मारल्या असत्या.

काकू सरळ म्हणाली, “दोन वर्षांनी काठीवर येणार, की आता पायांवर येणार? तेवढं सांगा की.”

“चोवीस वर्षं फिट म्हणून राहिलो,” काका म्हणाले. “शेवटच्या कागदावर अनफिट? जयलक्ष्मीपुरमात तोंड कसं दाखवू?” जयलक्ष्मीपुरम म्हणजे आमची वस्ती, आणि गुडघ्याचा आवाज तिथे दोन घरं पलीकडे जात होता, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यानंतर काकूचं जेवण कमी झालं. मलाही त्यांचा मनातून राग आला होता.

सुट्टीचे चार दिवस उरले तेव्हा काकांनी ठरवलं, मुदत पुरी करायची. एवढंच नव्हे, तर दोन वर्षांनंतरच्या परेडसाठी पँट शिवायला टाकली. शिवायला टाकली म्हणजे पुढच्या खोलीत अण्णांच्या हातात कापड दिलं. अण्णा म्हणजे माझे वडील, काकांचे थोरले भाऊ, पिढीजात शिंपी. बोलणं बेताचं, गळ्यात टेप जेवतानासुद्धा. काकांचे कपडे लग्नाआधीपासून तेच शिवत.

दुसऱ्या दिवशी पँट तयार झाली. “सही करायच्या आधी घालून बघ,” अण्णा म्हणाले. काका पँट घालून आरशासमोर ताठ उभे राहिले. उजवा पाय बुटावर बरोबर बसला होता, डावा जमिनीवर लोळत होता.

“अण्णा, वय झालं तुझं,” काका म्हणाले. “डावा पाय लांब कापलास.”

“दोन्ही सारखे कापलेत,” अण्णा म्हणाले. “तुझा गुडघा सरळ होत नाही रे. चार वर्षं डावा पाय पाऊण इंच आखूड कापत आलोय. आरशात बघून तू खूश व्हायचास, म्हटलं राहू दे.”

काकूने पदर तोंडाशी धरला.

“मग आताच का सांगितलंस?”

“आता तू त्या आरशावर विसंबून सही करायला निघालास.”

काका बराच वेळ आरशात बघत राहिले. मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर हळूच बसले. गुडघा वाजला, पण या वेळी त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. “आयितु,” ते म्हणाले. झालं तर मग. त्यांनी कागद मागवला आणि मेडिकलच्या रकान्यात सही केली. काकू आत जाऊन पोटभर जेवली. मला इतकं हायसं वाटलं, की मी उगीचच सगळ्यांसाठी पुन्हा कॉफी टाकली.

मी कॉफी घेऊन बाहेर आले तर अण्णा टाचण्या तोंडात धरून काकांच्या पायाशी बसले होते. “कमी कर,” काका सांगत होते, “पण आता किती ते मला सांगून.” अण्णा एक हात गुडघ्यावर ठेवून दुमड घालत होते. त्या गुडघ्याला इतक्या वर्षांत काकांनी घरात कुणाला हात लावू दिला नव्हता. आता मात्र अण्णा सांगतील तसे ते वळत होते, शाळेचा नवा गणवेश घालून बघणाऱ्या लहान भावासारखे.