अर्धा शेक

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ. थोरले दीर लवकर गेले. माझ्या नवऱ्याला बाईंनीच लहानाचं मोठं केलं, त्यामुळे बालाघाटच्या आमच्या घरात सासू म्हणावी ती त्याच. त्यांच्या गालाच्या आत फोड आला आणि काही केल्या भरेना. इथल्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिलं आणि म्हणाले, नागपूरला न्या. तिथे तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. कोबाल्टच्या मशीनवर उपचार घ्यायचे, रोज यायचं, मध्ये सोडायचं नाही, असं सांगितलं. आमच्याकडे कोबाल्ट कोणी म्हणत नसे. बिजलीचा शेक म्हणत.

नवरा जंगल खात्याच्या डेपोत, त्याला एवढी रजा कोण देणार? पोरं वारासिवनीला आईकडे ठेवली आणि मीच बाईंबरोबर गेले.

दवाखान्यात त्यांच्या गालावर, मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा ओढल्या आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत म्हणून बजावलं. आंघोळीशिवाय चुलीला हात न लावणाऱ्या बाई, त्यांना तोंड धुवायची बंदी. पदर गालावर ओढून त्या बाकावर बसायच्या. नंबर आला की आत. मग जाड दरवाजा लागायचा आणि आत त्या एकट्याच उरायच्या. पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाल्या, "शेक म्हणते, अन् गरम तं काहीच लागलं नाही. काहून आणलं वं तू मले इथं?"

गरम नंतर लागलं. गाल आतून सोलून निघाला. थुंकी गिळतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. धर्मशाळेच्या व्हरांड्यात स्टोव्हवर मी पेज करायची, गाळायची, निववायची. घोटभर घेऊन बाई वाटी सरकवायच्या. मग पुन्हा बस, पुन्हा तोच बाक. बसल्या बसल्या माझी मान कलंडायची. बाईच कोपरानं ढोसायच्या, "ऊठ वं, नंबर आला."

बाकावर आमच्याच जिल्ह्यातली, बिरशाकडची एक गोंड पोरगी असायची, नवऱ्यासोबत आलेली. तिच्या मानेवर गाठ होती. माझ्याशी मोजकं बोलणाऱ्या बाई तिच्याशी मात्र मोडक्या हिंदीत बोलत बसायच्या. "पूरा सेंक लेना बेटी, बीच में मत छोड़ना," असं तिला रोज बजावायच्या.

आणि मशीन बंद पडलं. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो, तर पुन्हा तेच. मिस्त्री बाहेरून येणार होता. कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई उठल्या. "चाल, घरी जाऊ. झालं तेवढं पुष्कळ झालं."

मी वाद घातला नाही. अंगात त्राणच नव्हतं. बोचकं बांधलं आणि आम्ही स्टेशनवर आलो. गोंदियाच्या गाडीला वेळ होता. फलाटावर पाहते तर ती पोरगी आणि तिचा नवरा गाठोडं घेऊन बसलेले.

बाई तरातरा त्यांच्याकडे गेल्या आणि नवऱ्यावरच कडाडल्या, "आधा सेंक लेके इसको कहाँ ले जा रहे हो? समझता नहीं तुमको?"

तो बिचारा उठून उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "आप भी तो जा रही हो, माँजी."

गाडी आली. पोरगी एकदा बाईंकडे पाहून हसली आणि नवऱ्यामागे डब्यात चढली. मी बोचकं उचललं. बाई हलेनात.

"बाई, गाडी सुटते न."

"सुटू दे."

गाडी निघून गेली. बाई खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. रेघांना पदर लागू नये म्हणून गाल मात्र सांभाळत होत्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुले लय तरास होऊन राह्यला माह्यापायी."

"हौ," मी म्हणाले. तोंडातून खरं तेच निघून गेलं.

त्या रागावल्या नाहीत. "चाल मंग," म्हणाल्या, "धर्मशाळेतली खोली दुसऱ्याले देऊन टाकतील."

मशीन सुरू झालं. शेक पुरा झाला. फोड हळूहळू भरला. बाईंचा गाल काळवंडून कडक झाला, तोंड पुरतं उघडेना, चवही गेली ती गेलीच. तपासणीसाठी आम्ही पुढंही जात राहिलो. एका खेपेला डॉक्टर म्हणाले, "आता काही नाही, उगाच घाबरू नका." मला वाटलं होतं, हे ऐकून आपण दोघी रडू किंवा हसू तरी. बाईंनी पदर सारखा केला, मी चपला शोधल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. रस्ता ओलांडताना बाईंनी माझा दंड धरला आणि विचारलं, "गाडीत बसाले जागा भेटन न वं?"