आईच्या आवाजाचा चार्जर

आईच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. त्याला आता सहा वर्षं झाली. ती गळ्याच्या तळाशी पाडलेल्या छिद्रातून श्वास घेते आणि बोलताना टॉर्चसारखं एक यंत्र हनुवटीखाली दाबून धरते. यंत्र थरथरतं, त्या थरथरीला ती जिभेने आणि ओठांनी शब्दांचा आकार देते. आवाज सपाट येतो. रागवली काय आणि लाड केले काय, सूर एकच. पण शब्द तिचे असतात आणि तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या सोलापूरच्या मामाला, तो आवाज फोनवर रोज संध्याकाळी ऐकायची सवय आहे.

यंत्रात बोटाच्या दोन पेरांएवढा लिथियमचा सेल बसतो. पूर्ण भरलेल्या सेलवर ती सुमारे नव्वद मिनिटं बोलते, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. असे दोन सेल आणि ते भरायची कंपनीची एक पेटी. एका शुक्रवारी दुपारी आमच्या व्हाइटफील्डच्या इमारतीत वीज गेली, जनरेटर लागला, पुन्हा वीज आली आणि त्या पेटीतून जळका वास आला. एक सेल तिच्यात रिकामाच होता. दुसरा यंत्रात होता, बराचसा वापरलेला.

यंत्राच्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं, पेटी परदेशातून येईल, चार आठवडे तरी धरा. भरलेला सेल? तोही तिकडूनच. मी त्याला दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं.

त्याच संध्याकाळी मामीचा फोन आला. मामाला जुना मधुमेह आहे, त्यात डोळेही जवळजवळ गेलेत. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा वर चढत होता. डॉक्टर म्हणाले होते, लगेच आलात तर घोट्याशी कापून भागेल, दोन दिवसांच्या वर थांबू नका. मामा ऐकत नव्हता. मुलं पाया पडली, मामीने जेवण सोडलं. त्याचं एकच, "सगळे मिळून मला लंगडा करायला निघालेत."

आईने फोन घेतला. अकरा मिनिटं बोलणं झालं, त्यातली आठ मामाच बोलला, रडला, ओरडला. आईने शेवटी "आता गप बस आणि माझं ऐक" एवढं म्हटलं आणि यंत्र थांबलं. तिचे ओठ हलत राहिले. पलीकडे मामा "अक्का? अक्का?" करत होता. मी फोन हातात घेईपर्यंत त्याने कापला. मी परत लावला तर मामी म्हणाली, "ते म्हणतायत अक्का रागावली, तिनेसुद्धा मला सोडलं."

मी समजावून सांगितलं, सेल संपला. मामीने त्याला सांगितलं. मला पलीकडून त्याचा आवाज आला, "हो, बरोबर आताच संपला!"

आई न्यूमोनियातून नुकती उठली होती. गळ्यातल्या छिद्रामुळे तिला प्रवास आणखी दोन आठवडे बंद होता. तिने वहीत मामासाठी पानभर लिहिलं आणि मी ते फोनवर वाचलं. मामा तिसऱ्या ओळीला म्हणाला, "वाच वाच, तुझी कादंबरी. ती काय म्हणते ते मला ती सांगेल. तू काहीही वाचशील." त्याचंही चूक नव्हतं. त्याला वही दिसत नव्हती आणि मी त्याच्या विरुद्ध पक्षातला होतो.

म्हणजे आईचा आवाज हवा होता, दोन दिवसांत, आणि तो भरायला चार्जर हवा होता.

बाजारातले तयार चार्जर चालणार नव्हते. सेलचा आकार वेगळा, आणि तो एवढासा की मोठ्या सेलचा चार्जर त्याला झेपणार नाही. शनिवारी सकाळी मी मेट्रोने एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या चार्जिंगच्या पट्ट्या मिळतात. एका टोकाला यूएसबीचं तोंड, दुसऱ्या टोकाला सेल जोडायच्या दोन जागा. भरताना लाल दिवा, भरला की निळा. दुकानदार गर्दीत होता. "स्वल्प इरि, सार," म्हणजे जरा थांबा, असं कानडीत म्हणत त्याने मला वीस मिनिटं उभं केलं, मग तीन पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या. एक पुरली असती. मी सुट्या भागाला नेहमी दोन जादा घेतो.

ती पट्टी मुळात एक अँपिअर देते. आमचा सेल तीनशे मिलिअँपिअर-तासांचा. एवढा प्रवाह त्याच्यात सोडणं म्हणजे वाटीत बादली ओतणं. पट्टीवरचा एक रेझिस्टर प्रवाह ठरवतो. मी तो भिंगाखाली काढला, त्या जागी दहा किलोओहमचा रेझिस्टर डाग देऊन बसवला, आणि प्रवाह एकशे तीस मिलिअँपिअरवर आला. सेल धरायला कपड्यांचा चिमटा घेतला, त्याच्या दोन्ही जबड्यांना पितळेची पट्टी चिकटवली. सगळं मिळून काडेपेटीत मावेल एवढं झालं. दुपारी दोनला लाल दिवा लागला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना निळा.

आई समोरच बसली होती. तिने हात पुढे केला.

मी आधी घरचा व्होल्ट मोजायचा मीटर लावला. चार पूर्णांक तेवीस व्होल्ट.

असा सेल चार पूर्णांक वीसला थांबायला हवा. मी एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासायच्या विभागात सव्वीस वर्षं काम करतो. इतरांच्या मीटरवर बरोबर किंवा चूक असा शिक्का मी मारतो. त्या तीन शतांशांवरून माझी नजर हलेना. जास्त भरलेला लिथियमचा सेल फुगतो, तापतो, कधी पेटतो. आणि हे यंत्र आई गळ्याला लावते, श्वासाच्या छिद्रापासून चार बोटांवर.

"नाही," मी म्हटलं.

तिने वहीत लिहिलं, 'दे.'

"आई, गळ्याशी धरायची वस्तू आहे ती."

तिने त्याच शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

माझी बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, किती जास्त आहे?"

"तीन शतांश."

"शेकड्यात सांगा."

"पाऊण टक्क्याहून थोडं कमी."

"पाऊण टक्का? अहो, तिकडे त्या माणसाचा पाय सडतोय. आणि तुम्ही पाऊण टक्का धरून बसलात?"

मी म्हटलं, पट्टीच्या माहितीपत्रकातल्या हमीप्रमाणे दीड टक्का फरक चालतो, पण माझ्या आईचा गळा मी हमीवर सोडणार नाही. ती म्हणाली, "मग कशावर सोडणार? तुमच्यावर?" आणि आत गेली. जाताना चिमट्यातून सेल काढायला तिने हात घातला होता. मी तो धरला. लग्नाच्या पंचवीस वर्षांत मी तिचा हात तसा कधी धरला नव्हता.

रविवारी मी उरलेल्या दोन पट्ट्या तयार केल्या. तपासणी बरोबर व्हायची तर सेल रिकाम्यापासून भरायला हवा. म्हणून शनिवारी भरलेला सेल मी एका रेझिस्टरला जोडून रिकामा केला. रेझिस्टर तापला, बोट लागेना. आईने ते पाहिलं, पण काय चाललंय ते तिला कळलं नसावं. तिची नव्वद मिनिटं मी उष्णता करून खोलीत सोडत होतो. दुसरी पट्टी, अकरा वाजता निळा दिवा, चार पूर्णांक तेवीस. पुन्हा रिकामा. तिसरी पट्टी, साडेतीन वाजता निळा दिवा, चार पूर्णांक तेवीस.

कामावर नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगतो. तीन वेगवेगळ्या वस्तूंत एकच चूक दिसली, तर वस्तू ठेवा बाजूला आणि मोजणारं साधन तपासा. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. रविवारी साडेतीन वाजता ती मला आठवली नाही. मला वाटलं, तिन्ही एकाच लॉटच्या, तिन्ही खराब. मी एसपी रोडला फोन लावले. रविवार, दुकानं बंद.

आई दर अर्ध्या तासाने वही पुढे करत होती. आधी 'झालं का?' मग नुसतं प्रश्नचिन्ह. संध्याकाळी तिने वही दिलीच नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून ती फोन मांडीवर घेऊन बसली. फोन शंभर टक्के भरलेला होता. मामीचा फोन आला तो मी घेतला. तिचा आवाज घोगरा झाला होता, "आता गुडघ्यापर्यंत तापलाय हो पाय. अक्कांना जरा बोलता येईल का? एकच वाक्य?"

मी म्हटलं, उद्या नक्की. आणि जास्त भरलेला सेल घरात ठेवायचा नाही म्हणून तिसऱ्यांदा रिकामा केला.

सोमवारी सकाळी पट्टी, चिमटा, सेल आणि घरचा मीटर घेऊन मी कामावर गेलो. सेल न जोडता चालू चार्जरच्या टोकांना एका बाजूने घरचा मीटर लावला, दुसऱ्या बाजूने आमचं प्रमाण मानलं जाणारं उपकरण. घरच्या मीटरवर चार पूर्णांक तेवीस. त्या उपकरणावर चार पूर्णांक वीस.

मी दोन्हींच्या जागा बदलून पाहिल्या, तारा बदलून पाहिल्या. आकडे तेच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून म्हणाला, "सर, ये तो आपका ही मीटर ज़्यादा बता रहा है। कब कॅलिब्रेट किया था?"

कधीच नाही. बारा वर्षांपूर्वी घेतला, घरात वापरला. घरच्या मीटरला कोण शिक्का मारतो?

साडेनऊला तिथल्याच संगणकाच्या यूएसबीला चार्जर लावला. पावणेतीन तास मी त्या लाल दिव्यासमोर बसलो. दुसरं काही केलं नाही. कोणी काही आणून दिलं की 'ठेवा' म्हणत होतो. निळा झाल्याबरोबर अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मेट्रोत सेल शर्टाच्या खिशात होता, वरून हात.

दोन वाजता आईने तो यंत्रात घातला. मामीने मामाच्या कानाला फोन लावला.

"अक्का बोलतीय," आई म्हणाली.

पलीकडून मामाचा आवाज आला, "फोन का आपटलास?"

"आपटला नाही, मेल्या. सेल संपला."

"खोटं."

"तुझ्या पायाची शपथ घेतली असती. पण तो तर जाणारच आहे."

मला वाटलं, आता सगळं संपलं. पण पलीकडून मामाचा हसण्याचा आवाज आला. हसणं की खोकला ते नीट कळत नव्हतं, मग नुसतं रडणं. आई थांबली. यंत्राच्या बटनावरून बोट काढून तिने त्याला रडू दिलं. मी घड्याळ पाहत होतो.

"माझा गळा कापायचा ठरला तेव्हा दवाखान्यात कोण आलं होतं?"

"मी."

"काय म्हणालास?"

"आठवत नाही."

"आठवतंय. बोल."

"आवाज गेला तर जाऊ दे, म्हणालो. अक्का राहू दे."

"मग? माझं एक ऐकायला तुला काय झालं?"

"अक्का, मला दिसत नाही गं. आता चालताही येणार नाही. मग माझ्यात उरतं काय?"

आईने यंत्र उचललं, पुन्हा खाली केलं, पुन्हा उचललं. "मला रोज सहा वाजता फोन करणारा उरतो," ती म्हणाली. "त्याला पाय लागत नाही."

सत्तावीस मिनिटं झाली होती तेव्हा तो म्हणाला, सही करतो, पण तू फोन ठेवू नकोस. कागद यायला वेळ लागला. आई मधूनमधून "आहे मी" म्हणत राहिली, बाकी वेळ बटन सोडून सेल वाचवत होती. एकसष्टाव्या मिनिटाला मामी म्हणाली, अंगठा दिला.

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. घोटा आता हिशोबात नव्हता. गुडघ्याच्या वर कापावं लागणार होतं. मंगळवारी कापलं.

मी डॉक्टरांना फोन केला. "शनिवारी आला असता तर?"

"शनिवारी घोट्याशी प्रयत्न केला असता."

"जमलं असतं?"

"सांगता येत नाही. कदाचित."

"किती टक्के?"

"अहो, असे टक्के नसतात," ते म्हणाले आणि त्यांना दुसरा फोन आला.

गुडघा राहिला तर कृत्रिम पायाने माणूस बऱ्यापैकी चालतो, गुडघा गेला की फार अवघड. हे मी नंतर वाचलं. मामासारख्या डोळे गेलेल्या माणसाला तर त्याहून. आईने आणि बायकोने मला काही विचारलं नाही. मीटरचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या समजत होत्या की मी सोमवारी पट्टी दुरुस्त केली.

दहा दिवसांनी मी सोलापूरला गेलो. मामा खाटेवर उशीला टेकून बसला होता. पांघरूण उजवीकडे मधूनच सपाट झालं होतं. मामी चहा आणायला गेली, आणि मी त्याला सगळं सांगितलं. चार्जर शनिवारीच तयार होता, बरोबर होता. माझा मीटर चूक होता. तीन शतांश.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "तीन शतांश म्हणजे केवढं रे?"

"फार थोडं."

त्याने तळहात पुढे केला. "इथं दाखव. मला दिसत नाही, बोटाने दाखव."

"व्होल्ट असा हातावर दाखवता येत नाही, मामा."

"एवढं बारीक?"

"हो."

त्याने हात पांघरुणाखाली घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मामी तीन कप घेऊन आली, दोघांच्या तोंडांकडे पाहून कप स्टुलावर ठेवले. मी काही बोलणार तेवढ्यात मामाचा फोन वाजला. आईचा. सकाळी निघण्यापूर्वी मी दोन्ही सेल भरून ठेवले होते.

त्याने चाचपून फोन उचलला. "बोल, अक्का," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "हो, आलाय. बसलाय इथं." मग बराच वेळ तो नुसतं ऐकत राहिला, आणि मी उठून बाहेर गेलो.