कडी वाकलेला जुडगा

निहेई-सान कोणालाच आवडत नसत, मला तर मुळीच नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत मी चौदा महिने काढले. तेवढ्या काळात त्यांनी मला एकदाही 'शिगा-सान' म्हटलं नाही. 'ए शिगा', बस्स. चहा नेऊन दिला तर म्हणायचे, "नुसतं पाणी. तुझ्या शिक्षणासारखं."

गावालाही ते नकोसे होते. अपघाताआधी वीस वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या आमच्या त्याच अणुवीज केंद्रात इंधन भरलं होतं. अपघातानंतर केंद्राजवळचं गाव रिकामं झालं, लोक इवाकी शहरात भाड्याच्या खोल्यांत आले आणि निहेई-सानही तिथेच येऊन राहिले. सोबा शेवयांच्या दुकानातल्या मालकीणबाई त्यांच्यापुढे वाडगा आदळायच्या.

"घ्या. आमचं गाव खाऊन पोट भरलं नसेल अजून."

"सूप गार आहे."

"केंद्रातल्यांना गारच मिळतं इथे."

"मग राहू दे ते इंधन टाकीत तसंच? का तू येतेस काढायला? ये, बाह्या सरसावून ये."

स्फोटात छप्पर उडालेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर खोल टाकी होती. वापरलेलं इंधन तिथे पाण्याखाली उभं होतं. साठेक सळ्यांचा एक जुडगा, प्रत्येकाच्या माथ्यावर उचलायला कडी, असे शेकडो जुडगे. किरणोत्सर्गामुळे माणसाने तिथे जास्त वेळ थांबणं धोक्याचं होतं, म्हणून आम्ही अर्ध्या किलोमीटरवरच्या खोलीत बसून, पडद्यावर बघत यारी चालवायचो. जुडगा टाकीतल्या त्याच्या खणातून उचलायचा आणि पाण्याखालीच जाड पोलादी पिंपात उतरवायचा.

फेब्रुवारीत अकरा जुडगे उरले. निहेई-सानचा करार मार्चअखेरीस संपणार होता. विभागप्रमुख कान्नो-सानना ते रोज ऐकवायचे, "आत मी ठेवलेत, बाहेर मीच काढणार. शेवटचासुद्धा. मग खुशाल हाकला मला."

आमच्या कामात यारी हलवण्याआधी बोट रोखून मोठ्याने बोलायचं असतं. चालवणारा पडद्यावर बोट रोखून म्हणतो, "कडी, योशी!" शेजारचा आकड्यावर बोट रोखतो, "भार, योशी!" योशी म्हणजे डोळ्यांनी बघितलं, ठीक आहे. दोघांचं झाल्याशिवाय यारी हलत नाही. दिवसाला दोनशे वेळा म्हटलं की ते तोंडाचं काम होऊन बसतं, डोळ्यांचं राहत नाही.

एका मंगळवारी छपराच्या ढिगाऱ्याखाली कडी वाकलेला एक जुडगा उचलायला घेतला. तो वीतभर वर आला आणि अडला. मी बोट रोखलं. "भार, योशी!"

निहेई-साननी यारी थांबवली. "काय योशी? आकडा वाच."

"चारशे... चारशे नव्वद."

"जुडग्याचं वजन?"

"दोनशे सत्तर किलो."

"मग योशी कुणाला म्हणालीस? स्वतःच्या बोटाला? पोपट बसवला असता इथे. तो दाण्यावर काम करतो."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या क्षणी त्यांची खुर्ची लाथ मारून उलथवावी असं वाटलं.

कान्नो-सान पुढे आले. "खणात खडी अडकली असेल. भाराची मर्यादा वाढवा आणि ओढा. आजची तारीख वर कळवलीय."

"कडी तुटेल. जुडगा खाली आदळेल, सळ्या फुटतील. आधी पाण्याचा झोत मारून खडी काढा."

"झोताची सोय करायला आठवडा जाईल. तुमच्याकडे उरलेत किती आठवडे, निहेई-सान? ओढा, नाहीतर उठा."

निहेई-साननी जुडगा अलगद खणात परत उतरवला, पकड सोडवली आणि उभे राहिले. "उठलो."

सागावा त्यांच्या जागी खुर्चीत बसला. माझ्याच वयाचा, हात चांगला. त्याने पुन्हा कडी पकडली, मर्यादा वाढवली आणि बोट रोखलं. "कडी, योशी!" पण त्याचा आवाज बारीक निघाला. आता माझी पाळी होती. मी हात मांडीवरच ठेवले.

"शिगा-सान, बोला," कान्नो-सान म्हणाले.

"नाही बोलणार. वाकलेल्या कडीवर एवढा भार? माझी योशी नाही."

"तो म्हातारा सगळ्यांसमोर तुला पोपट म्हणाला, आणि तू त्याची बाजू घेतेस?"

"त्याची बाजू कोण घेतंय? मला तो डोळ्यासमोर नको असतो."

निहेई-सान दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि निघून गेले.

खोलीतला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित होत होता. माझ्या योशीवाचून यारी हलवली असती तर नोंद राहिली असती. कान्नो-साननी काम बंद केलं. जाताना म्हणाले, "तुमचं नाव लक्षात ठेवतो."

झोत लावायला नऊ दिवस गेले. खणातून मूठभर खडी निघाली, आणि जुडगा दोनशे बहात्तरवर सुरळीत वर आला. यारीवर सागावा होता. निहेई-सानना तोवर कपड्यांच्या तपासणीवर टाकलं होतं. कामगारांनी उतरवलेले पांढरे डगले किरणोत्सर्ग मोजायच्या उपकरणाखाली धरायचे आणि पेटीत टाकायचे, मार्चअखेरपर्यंत.

मी मधल्या सुट्टीत तिकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"निघाला तो," मी म्हटलं. "कडी शाबूत आहे."

"बरं."

"तुम्हाला कळायला हवं, असं वाटलं."

त्यांनी हातातला डगला पेटीत फेकला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"मला तो काढायचा होता," ते म्हणाले. "कळून काय करू? सरक. रांग अडलीय."